रॉटवायलर घरी आणताय? त्याआधी या गोष्टी माहीत असायलाच हव्यात

रुंद छाती, काळा चकचकीत अंग आणि भुवयांवर दोन तांबूस ठिपके. रॉटवायलरची रील दिसली की ती पुढे सरकवणं अवघड जातं. दोन महिन्यांचं गुबगुबीत पिल्लू पाहिलं की 'घराला राखण होईल' हा विचारही मनात येतोच. पण तेच पिल्लू दीड वर्षात ४० ते ५० किलोचं होतं. त्या वेळी घरात काय लागतं, खर्च किती येतो आणि कायदा काय म्हणतो, हे रीलमध्ये दिसत नाही.

हा कुत्रा मुळात कशासाठी होता?

रॉटवायलर हे नाव दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल या गावावरून पडलं. गुरांच्या बाजारासाठी हे गाव ओळखलं जायचं. खाटीक आणि गुरांचे व्यापारी हे कुत्रे गुरं हाकायला, गाडी ओढायला आणि मालाची राखण करायला वापरत. त्यामुळे जर्मनीत त्याला 'रॉटवाइलचा खाटकाचा कुत्रा' असंच म्हटलं जाई. रेल्वे आल्यावर गुरं पायी नेण्याचं काम संपलं आणि ही जात जवळपास नाहीशी होण्याच्या बेतात आली. पुढे पोलिसांना तिचा उपयोग लक्षात आला. १९१० साली जर्मनीत तिला पोलीस कुत्रा म्हणून मान्यता मिळाली.

हा इतिहास आजही कुत्र्याच्या वागण्यात दिसतो. अंगाने रेटणं, पळणाऱ्याच्या मागे लागणं, आपल्या जागेत अनोळखी माणूस आला की मध्ये उभं राहणं हे त्याला शिकवावं लागत नाही. बैलाला हटवणारा हा प्राणी आहे. तो खेळात जरी येऊन धडकला, तरी घरातली आजी किंवा चार वर्षांचं मूल पडू शकतं.

किती मोठा होतो, किती जगतो?

आंतरराष्ट्रीय मानकानुसार नराची खांद्यापर्यंतची उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर आणि वजन साधारण ५० किलो असतं. मादी ५६ ते ६३ सेंटिमीटर उंच आणि साधारण ४२ किलोची असते. आयुष्य साधारण नऊ-दहा वर्षांचं. म्हणजे आज नोकरीला लागलेल्या मुलाने पिल्लू आणलं, तर त्याची बदली, लग्न, नवं भाड्याचं घर या सगळ्यात हा कुत्रा सोबत असणार आहे. 'आम्ही नसताना कोण सांभाळेल?' या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवलेलं बरं. तरुण मुलाने हौसेने आणलेला आणि नंतर साठीच्या आईवडिलांच्या गळ्यात पडलेला रॉटवायलर कोणाच्याच हिताचा नसतो.

भारतात रॉटवायलरवर बंदी आहे का?

सोशल मीडियावर सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नावर असतो. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवलं. २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, आणि आधीपासून घरी असलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी, असं त्यात होतं. या यादीत रॉटवायलर होता. १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढलं गेलं, हा त्यातला एक प्रमुख मुद्दा होता. दिल्ली उच्च न्यायालयानेही लोकांच्या हरकती मागवून मग निर्णय घ्यावा, असं केंद्राला सांगितलं.

मात्र काही शहरांनी स्वतंत्र नियम केले आहेत. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर बंदी घातली होती. त्यामुळे पिल्लाचे पैसे देण्याआधी तुमच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत जाऊन सध्याचा नियम विचारा. मुंबई-पुण्यात कोणत्याही पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. तो काढताना रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा.

कुत्रा चावला तर जबाबदार कोण?

उत्तर सरळ आहे: मालक. पाळीव प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जखम गंभीर असेल तर इतर कलमंही लागतात.

हे फक्त कागदावर नाही. २०१० मध्ये मुंबईतल्या नेपियन सी रोडवर दोन व्यक्तींचा वाद सुरू होता. त्यातल्या एकाचा रॉटवायलर गाडीत होता. दार उघडू नका, असं समोरच्या ज्येष्ठ नागरिकाने सांगूनही दार उघडलं गेलं आणि कुत्रा त्यांना चावला. २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. मे २०२४ मध्ये चेन्नईतल्या एका बागेत दोन रॉटवायलरनी पाच वर्षांच्या मुलीवर हल्ला केला, तेव्हा मालकाला अटक झाली. दोन्ही घटनांमध्ये कुत्रा माणसाच्या ताब्यात नव्हता, ही बाब सारखी आहे.

पहिले चार महिने का महत्त्वाचे?

पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे पाहतं, ऐकतं, ते त्याला 'नेहमीचं' वाटू लागतं. कामाला येणाऱ्या मावशी, दूधवाला, गॅस सिलिंडरवाला, हेल्मेट घातलेला डिलिव्हरी बॉय, काठी टेकत चालणारे आजोबा, लिफ्ट, ढोल-ताशा हे सगळं या काळात, पिल्लू घाबरणार नाही इतक्या अंतरावरून, दाखवायला हवं. लसी पूर्ण झाल्या नसतील तर त्याला कडेवर घेऊन फिरवा. रॉटवायलरच्या पिल्लांना पार्वोचा धोका जास्त असतो, त्यामुळे रस्त्यावर खाली सोडण्याची घाई नको.

राखणदार हवा म्हणून पिल्लाला माणसांपासून लांब ठेवणं ही नेहमी होणारी चूक आहे. असा कुत्रा मोठेपणी घाबरट होतो, आणि घाबरलेला ५० किलोचा कुत्रा चोर आणि पाहुणा यात फरक करत नाही. घराच्या राखणीसाठी त्याचं असणं आणि भुंकणं पुरेसं असतं. 'अटॅक ट्रेनिंग' देतो असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका.

शिकवताना मार नको, खाऊ आणि शाबासकी हवी. 'बस', 'थांब', 'सोड', 'इकडे ये' या चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाने एकाच शब्दांत शिकवाव्यात. कुत्रा गुरगुरला तर त्याला मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. अंग ताठ होणं, तोंड घट्ट मिटणं, मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहणं ही त्याआधीची लक्षणं. मुसकं घालायची सवयही लहानपणीच लावा. तोंड उघडून धापा टाकता येतील असं जाळीचं मुसकं घ्यावं.

लहान मुलांसोबत त्याला एकटं सोडायचं नाही. कुत्रा कितीही गुणी असला, तरी हा नियम बदलत नाही.

आपल्या हवेत तो राहू शकतो का?

राहू शकतो, पण काळा रंग आणि दाट केस यामुळे उन्हाचा त्रास लवकर होतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत फिरायला सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावरच न्यावं. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर बांधून ठेवणं जीवघेणं ठरू शकतं. शिवाय कुत्र्याला कायम साखळीला बांधून ठेवणं आणि फिरवायला न नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

खाणं, आजार आणि खर्च

मोठ्या रॉटवायलरला रोज साधारण अर्धा किलो कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला १५ किलो. जवळच्या दुकानातल्या भावाने याचा गुणाकार करा आणि मग लसी, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध, ट्रेनर आणि गावाला जाताना ठेवायचं बोर्डिंग त्यात मिळवा. फक्त दूध-पोळीवर या कुत्र्याचं पोषण होत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट त्याला विषारी ठरू शकतात.

या जातीत काही दुखणी जास्त दिसतात:

- खुब्याचा आणि कोपराचा सांधा नीट न बसणं. पिल्लाचं वजन वाढू न देणं, जिने आणि उंच उड्या टाळणं यामुळे सांध्यांवरचा ताण कमी होतो.
- हाडांचा कर्करोग. कुत्रा विनाकारण लंगडत असेल तर एक्स-रे लांबवू नका.
- जन्मजात हृदयविकार. पिल्लाची पहिली तपासणी करताना डॉक्टरांना छाती नीट तपासायला सांगा.
- पोट फुगून पीळ पडणं. पोट टम्म, उलटीचा उमाळा येतो पण काही पडत नाही, लाळ गळते, कुत्रा अस्वस्थ होतो. यात काही तासांत जीव जातो. 'सकाळी बघू' असं म्हणू नका.

नसबंदी किती वयात करावी, हे पशुवैद्याशी बोलून ठरवा. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होऊ देणं बऱ्याचदा योग्य मानलं जातं.

पिल्लू कुठून घ्यावं?

पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखवायला सांगा. पिल्लाची आई प्रत्यक्ष बघा. ती अंगावर धावून येत असेल किंवा कोपऱ्यात थरथरत असेल, तर तिथून परत या. आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येतीची हमी देत नाही. 'हेवी बोन', 'जर्मन लाइन' हे जाहिरातीतले शब्द आहेत, त्यावर पैसे वाढवून देऊ नका.

चावलंच तर

जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. कुत्र्याची लस झालेली असली तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा.

घेण्याआधी स्वतःला विचारा

रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-दोन तास आहेत का? त्याने जोर लावला तर घरातल्या किमान दोघांना पट्टा आवरता येईल का? घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलं आहे का? रात्री दोन वाजता मोठ्या कुत्र्यावर उपचार करणारा दवाखाना किती लांब आहे?

यातल्या एकाचंही उत्तर 'नंतर बघू' असं असेल, तर पिल्लूही नंतरच बघावं. राखणच हवी असेल तर आपल्या गल्लीतला देशी कुत्राही दारात कोण आलं ते सांगतो, आणि इथलं ऊनही त्याला जास्त मानवतं.