नंबर सांगा, मावशी!

गेल्या गुरुवारी पालखीच्या गर्दीत एक मावशी आमच्या दुकानासमोर रडवेल्या होऊन उभ्या होत्या. मुलाची चुकामूक झालेली. मी मोबाईल पुढे केला, "नंबर सांगा, मावशी." त्यांना एकही नंबर पाठ नव्हता. मंदिरात जायचं म्हणून सगळ्यांचे फोन जमा केलेले, आणि टोकन मुलाच्या खिशात!

मित्रांनो, ही वेळ एका दिवसात आली नाही.

१९९७ च्या सुमारास आमच्या दादांनी मुंबईहून डिजिटल डायरी आणली. खिशात मावायची. नंबर, पत्ते, गजर, सगळं त्यात. मराठी अक्षर मात्र नाही, त्यामुळे नाशिकच्या फुलवाल्यांचं नावसुद्धा इंग्रजीत टाकावं लागे. दादांनी दोन वर्षं मिरवली. मग एकदा चपटे सेल बदलताना काहीतरी चुकलं आणि सगळे नंबर पुसले गेले. सेल गेला की आठवण गेली! दादा मुकाट्याने पुन्हा लाल वहीकडे वळले.

तिकडे अमेरिकेत १९९३ मध्ये ॲपलने 'न्यूटन' काढला. हस्ताक्षर ओळखताना तो अडखळला. १९९६ ला 'पाम पायलट' आला. पहिल्या मॉडेलची मेमरी फक्त १२८ केबी, पण कॉम्प्युटरला जोडून बटण दाबलं की नंबरांची दुसरी प्रत तयार. दादांच्या डायरीत नेमकं हेच नव्हतं.

आपल्याकडे डायरीला स्मार्टफोनने नाही, साध्या बटणाच्या मोबाईलने घरी बसवलं. नंबर सिमकार्डातच राहू लागले. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मोबाईल हारवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत पोचला. पुढे २००७ ला आयफोन, २००८ ला अँड्रॉइड. पाम २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी ती यंत्रं बंद केली.

आज फोन हरवला तरी नंबर परत मिळतात. पण दादांना डायरी असतानाही वीसेक नंबर तोंडपाठ होते. मला बायकोचाही धड येत नाही!

मावशींचा मुलगा दीड तासाने शोधत आला. तोवर त्या माऊलीने पाणीसुद्धा घेतलं नाही.

म्हणून लॉजवाल्यांना आणि दुकानदार भावांना विनंती: येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि पोरांच्या खिशात दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका. आणि आज घरी एक नंबर तरी पाठ करा.

ओम साईराम 🙏