ज्वालांची कुळकथा

कनिष्काच्या सोन्याच्या नाण्यावर राजा उभा आहे. अंगात लांब डगला, पायांत जाड बूट, एक हात वेदीकडे. नाणं जरा निरखून पाहिलं की त्याच्या खांद्यातून ज्वाला निघताना दिसतात. आता हेरात शहरात 1436च्या सुमारास तयार झालेलं ‘मेराजनामा’ हे हस्तलिखित पाहा. प्रेषित मुहंमद बुराक या दैवी वाहनावर बसून एकेक आकाश ओलांडत आहेत आणि त्यांच्याभोवती सोनेरी आग लवलवते आहे. दोन्हींमध्ये सुमारे तेराशे वर्षांचं अंतर आहे. तरी या ज्वाला एकाच कुळातल्या आहेत, आणि त्यांना जोडणारा पूर्वज बुद्ध आहे, असं माझं ठाम मत आहे.

ठाऊक असलेल्या गोष्टी आधी उरकून घेतो. मशिदीत माणसांची चित्रं नसतात, कुराणाच्या प्रतींतही नसतात. आज बहुसंख्य मुसलमानांना प्रेषितांचं चित्र मान्य नाही. पण इराण, मध्य आशिया आणि तुर्कस्तानातल्या दरबारी हस्तलिखितांत ते रंगवलं गेलं. आधी उघड्या चेहऱ्यानं, सोळाव्या शतकापासून बहुधा शुभ्र पडद्याआड. चेहऱ्याच्या या प्रश्नावर भरपूर लिहिलं गेलंय. मी आगीविषयी बोलतो आहे.

प्रभावळ म्हणून आगच का? गोल तबकडी तर हाताशी होतीच. पण ती फार स्वस्त झाली होती. याह्या अल-वासितीनं 1237मध्ये अल-हरीरीचे ‘मकामात’ रंगवले. त्यांत अबू झैद या गोडबोल्या भामट्याच्या डोक्यामागेही सोन्याची तबकडी आहे. भामट्याला जे मिळतं ते प्रेषिताला देऊन वेगळेपण कसं दिसणार? 1307च्या अल-बिरूनीच्या हस्तलिखितात प्रेषितांना गोल वलयच आहे. चित्रकारांना नवी खूण हवी होती, एवढं यातून दिसतं.

ती खूण अफगाणिस्तानात घडलेली होती. काबूलच्या उत्तरेला कापिशा प्रदेशात शोतोराक आणि पैतावा इथे बुद्धाची शिल्पं मिळाली. त्यांत बुद्धाच्या खांद्यांतून ज्वाला आणि पायांतून पाणी निघतं. प्रसंग श्रावस्तीच्या महाप्रातिहार्याचा, म्हणजे बुद्धाच्या महाचमत्काराचा आहे. हाच प्रसंग अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातही आहे, पण तिथल्या चित्रकारानं भिंतभर बुद्धच बुद्ध काढले. खांद्यावर आग नाही. कथा एक, पण आग उत्तरेतच. का? कारण कापिशा कुषाणांचा मुलूख होता आणि राजाच्या खांद्यावरच्या ज्वाला तिथल्या शिल्पकारानं नाण्यांवर पाहिल्या होत्या. तिथून पुढे मध्य आशियाच्या भित्तिचित्रांत ज्वालांची प्रभावळ बुद्धाभोवती स्थिरावली.

आता प्रतिस्पर्धी मतं. पहिलं म्हणतं, हे इराणचं घरचं ‘फर्र’, म्हणजे राजतेज. मोहक मत आहे. पण अवेस्तात यिमा राजाचं तेज पक्षी होऊन उडून जातं आणि शाहनाम्यात अर्दशीर राजाच्या मागे ते मेंढ्याच्या रूपानं धावतं. ताक-ए-बोस्तानच्या कातळात मिथ्राच्या डोक्याभोवती सूर्यकिरण आहेत, ज्वाला नाहीत. दुसरं मत म्हणतं, ही ‘नूर-ए-मुहंमदी’, सूफींची प्रेषित-ज्योती. अर्थ म्हणून ते मला पूर्ण मान्य आहे. आकार म्हणून नाही. कुराणातल्या प्रकाशाच्या प्रसिद्ध आयतीत दिव्याचं तेल अग्नीचा स्पर्श न होताच जणू उजळतं. त्या आयतीवरून कुणी चित्र काढलं असतं तर दिवा काढला असता, वणवा नाही.

मग आकार पोचला कसा? तब्रीझमध्ये मंगोलांचा वजीर रशीदुद्दीन यानं ‘जामी-अत-तवारीख’ हा इतिहासग्रंथ रचला, तेव्हा कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूच्या मदतीनं त्यात बुद्धाचं चरित्रही घातलं. त्याच्या 1314च्या सुमाराच्या प्रतींत प्रेषितही आहेत आणि बुद्धही. इराणचे आधीचे मंगोल राजे बौद्धांचे आश्रयदाते होते. गाझान 1295मध्ये मुसलमान झाला आणि मठ पाडले गेले. बौद्ध परंपरेशी ओळख अशी दाट होती. गंमत म्हणजे या प्रतींतल्या प्रेषितांभोवती आग नाही.

इथे एक देखणा उलगडा खुणावतो. हेरातहून 1419मध्ये चीनला गेलेल्या वकिलातीत गियासुद्दीन नक्काश हा चित्रकार होता. वाटेतल्या बौद्ध मंदिरांची वर्णनं त्यानं लिहून ठेवली. 1422मध्ये तो परतला आणि पुढे ‘मेराजनामा’ रंगला. पण हे गणित जुळत नाही. शिराजमध्ये 1410-11 साली इस्कंदर सुलतानासाठी केलेल्या संग्रहातल्या मेराजच्या, म्हणजे प्रेषितांच्या स्वर्गारोहणाच्या चित्रात ज्वाला आधीच आहेत. म्हणून माझं बोट मध्य आशियातल्या उइगुर लोकांकडे वळतं. मंगोल दरबारांत त्यांचे लेखक होते, त्यांच्यात बौद्ध परंपरा जुनी होती, आणि ‘मेराजनाम्या’चा तुर्की मजकूर चक्क उइगुर लिपीत आहे. त्यातला अनेक मुखांचा देवदूत अनेकमुखी अवलोकितेश्वराचा भाऊ शोभतो. एक आकार येऊ शकतो, तर दुसरा का नाही?

पुढचा प्रवास सरळ आहे. 1488च्या ‘बुस्तान’मध्ये चित्रकार बिहझादनं झुलैखापासून पळणाऱ्या यूसुफला ज्वाला दिल्या; ऑटोमन ‘सियर-ए-नबी’त 1595पर्यंत त्या रूढ झाल्या. गोल तबकडी मात्र दुसऱ्या वाटेनं परतली. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री 1580मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले, त्यांच्यामागून युरोपीय चित्रं आली, आणि जहांगीरच्या डोक्यामागे तेजोवलय चढलं. प्रेषितांना आग, बादशहाला तबकडी, अशी वाटणी झाली.

यात कुणी कुणाचा देव उचलला नाही. कनिष्काला आगीत राजसत्ता दिसली, कापिशाच्या शिल्पकाराला चमत्कार, हेरातच्या चित्रकाराला नूर. वंश आकाराचा आहे, श्रद्धेचा नाही. तेराव्या शतकातल्या, मंगोल येण्याआधीच्या एखाद्या बगदादी चित्रात ज्वाला सापडल्या, तर उइगुरांचा माझा दुवा तुटेल. तोवर फर्रवाल्यांनी आधी तो मेंढा कुठे बसवायचा ते सांगावं.