शिश्नरोप

शिश्नाला संभोगास पुरेसा ताठपणा आणून देण्यासाठी शस्त्रक्रियेने त्याच्या आत कायमचे बसविलेले कृत्रिम अंग. पुरेसे शिश्नोत्थान न होणे किंवा झालेले न टिकणे या विकारास उत्थानदोष म्हणतात. मधुमेह, रक्तवाहिन्यांचे विकार, मेरुरज्जूची इजा, तसेच अष्ठीला ग्रंथी व मूत्राशय यांच्या कर्करोगांवरील शस्त्रक्रिया ही त्याची प्रमुख शारीरिक कारणे होत. औषधादी उपाय निष्फळ ठरल्यास अथवा ते रुग्णास चालण्यासारखे नसल्यास शिश्नरोपाचा विचार केला जातो.

शिश्नात शेजारी शेजारी दोन दंडगोलाकार पिंड असून ते स्पंजासारख्या ऊतकाचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचे) बनलेले असतात. त्यांभोवती बळकट तंतुमय आवरण असते. पिंडांतील पोकळ्या रक्ताने भरल्या, की शिश्न ताठ होते. कुत्रा, वॉलरस इ. अनेक सस्तन प्राण्यांच्या शिश्नात हाड असते. मानवात ते नसते. या उणिवेची कृत्रिम रीतीने भरपाई करण्याची कल्पना आरंभीच्या प्रयोगांच्या मुळाशी होती.

इतिहास : रशियन शल्यचिकित्सक निकोलाय बोगोराझ यांनी अपघाताने नष्ट झालेल्या शिश्नाची पुनर्रचना करताना पोटावरील त्वचेच्या नळीत रुग्णाच्याच बरगडीची उपास्थी (कूर्चा) बसविली. ही पद्धत त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. १९२० मधील ट्रामच्या अपघातात स्वतःचे दोन्ही पाय गमावल्यावरही त्यांनी शल्यकर्म चालू ठेवले होते. उपास्थी मात्र कालांतराने शरीरात शोषली जाई व आधार नाहीसा होई. त्यामुळे निर्जीव पदार्थांकडे लक्ष वळले. अमेरिकेत विलार्ड गुडविन व विल्यम स्कॉट यांनी १९५२ मध्ये ॲक्रिलिकच्या दांड्या वापरल्याचे नमूद केले. पिंडांच्या बाहेर, त्वचेखाली बसविलेल्या अशा ताठर दांड्या त्वचा झिजवून बाहेर येत. कैरो येथील बेहेरी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पॉलिएथिलिनच्या दोन दांड्या पिंडांच्या आतच बसविल्या होत्या. आवरणाचा नैसर्गिक आधार मिळवून देणारी ही जागाच पुढे शिश्नरोपांसाठी स्वीकारली गेली.

शरीराला सहसा अपाय न करणाऱ्या सिलिकोन या पदार्थामुळे या क्षेत्रास नवी दिशा मिळाली. १९७३ साली एफ्. ब्रँटली स्कॉट, विल्यम ब्रॅडली व जेराल्ड टिम यांनी द्रव भरून फुगविता येणारा शिश्नरोप वैद्यकीय जगापुढे मांडला. १९७५ मध्ये मायामी येथील मायकेल स्मॉल व हर्नान कॅरिऑन यांनी सिलिकोनच्या जोड-दांड्यांचा अर्धताठर रोप वर्णिला, तर १९८० मध्ये जर्मनीत उडो जोनास यांनी चांदीच्या तारांचा गाभा असलेला, हवा तसा वाकविता येणारा रोप पुढे आणला. १९७० च्या सुमारास बहुसंख्य रुग्णांचा दोष मानसिक असल्याचे मानले जाई. त्यामुळे शारीरिक कारणाने पीडित झालेल्यांच्या वाट्याला उपचारापेक्षा संकोच व दोषारोपच अधिक येत. शिश्नरोपांच्या यशामुळे आणि पुढे रक्तप्रवाहाविषयीच्या संशोधनामुळे हा समज मागे पडला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञपरिषदेने ‘नपुंसकत्व’ या मानहानिकारक शब्दाऐवजी ‘उत्थानदोष’ ही संज्ञा वापरण्याची शिफारस केली.

प्रकार व कार्य : अर्धताठर रोपात दोन लवचिक दांड्या असतात. त्या नेहमीच ताठ राहतात. इतर वेळी शिश्न खाली वाकवून ठेवावे लागते. रचना साधी असल्याने त्या क्वचितच बिघडतात व स्वस्तही पडतात. परंतु कपड्यांखाली लपविणे अवघड जाते. त्रिखंडी रोपात पिंडांमध्ये दोन नळकांडी, मुष्कात छोटा पंप व उदराच्या खालच्या भागात मिठाच्या पाण्याची टाकी असते. पंप दाबला, की पाणी नळकांड्यांत जाऊन शिश्न ताठ होते. कळ दाबल्यावर ते टाकीत परतते व शिश्न शिथिल होते. त्यामुळे नैसर्गिक अवस्थांशी अधिक साम्य साधते. मात्र यंत्रणा गुंतागुंतीची असल्याने गळती वा बिघाड संभवतो आणि काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

मर्यादा व धोके : शिश्नरोपाने कामेच्छा वाढत नाही, शिश्नाची लांबीही वाढत नाही व शिश्नमणी ताठ होत नाही. आधीची स्पर्शसंवेदना व लैंगिक तृप्ती सामान्यतः टिकून राहतात. रोप बसविताना पिंडांतील ऊतकाची हानी होते. त्यामुळे पुढे तो काढून टाकला, तरी नैसर्गिक उत्थान पूर्ववत होण्याची आशा राहत नाही. म्हणून रुग्णास व शक्य तेथे त्याच्या पत्नीसही हे आधीच स्पष्टपणे सांगणे हे चिकित्सकाचे कर्तव्य ठरते. सूक्ष्मजंतूंचा संसर्ग हा सर्वांत गंभीर धोका होय. तो झाल्यास बहुधा संपूर्ण रोप काढावा लागतो. २००१ पासून प्रतिजैविक औषधांचा लेप दिलेले रोप वापरात आले व हा धोका बराच घटला.

१९८२–८३ मध्ये रोनाल्ड व्हिराग व जाइल्स ब्रिंडली यांनी शिश्नात औषध टोचण्याची पद्धत पुढे आणली. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल ही पोटात घेण्याची गोळी अमेरिकेत संमत झाली. यामुळे बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. तथापि औषधांचा गुण न येणाऱ्यांसाठी शिश्नरोप हाच खात्रीचा मार्ग राहिला आहे. परदेशी फुगविते रोप महाग असल्याने भारतात अर्धताठर रोपांना महत्त्व आले. मुंबईचे रूपिन शहा यांच्या नावाने ओळखला जाणारा, भारतात बनणारा कमी किमतीचा सिलिकोनचा रोप हे त्याचे उदाहरण होय.