व्हॅन्कोमायसिनचे सलाईन इतके सावकाश का सोडतात?

"सिस्टर, सलाईन जरा फास्ट करा ना!" वॉर्डात ही विनंती नेहमीच ऐकू येते. कधी तर नर्सची पाठ वळताच नातेवाईक नळीवरचे छोटे चाक स्वतःच सरकवतात. बाटलीत व्हॅन्कोमायसिन असेल, तर ही घाई रुग्णाला महागात पडू शकते.

एमआरएसए म्हणजे नेहमीच्या अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जीवाणू. त्याच्या गंभीर संसर्गात व्हॅन्कोमायसिन वापरतात. तोंडाने घेतल्यास ते रक्तात जवळपास उतरतच नाही, म्हणून शिरेतून द्यावे लागते. हे औषध जुने आहे. बोर्निओच्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले आणि 1958 मध्ये अमेरिकेत वापरात आले. सुरुवातीचे औषध इतके अशुद्ध आणि तपकिरी होते की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणत!

मोठ्या माणसांसाठी वेगाचा नियम असा: मिनिटाला 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि कोणताही डोस 60 मिनिटांपेक्षा कमी वेळात नाही. म्हणजे 1 ग्रॅमला किमान 100 मिनिटे. तेही निदान 200 मिली सलाईनमध्ये मिसळून. सिरिंजने एकदम कधीच देत नाहीत.

वेग वाढला की शरीरातल्या काही पेशी एकाएकी हिस्टामिन सोडतात. चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, कधी रक्तदाब घसरतो. अशा वेळी नर्स सलाईन थांबवून डॉक्टरांना बोलावते. त्रास सौम्य असेल, तर तो ओसरल्यावर बहुतेकदा तेच औषध आणखी हळू देता येते. कारण ही खरी अ‍ॅलर्जी नव्हे. फाइलवर चुकून 'अ‍ॅलर्जी' अशी नोंद झाली, तर पुढे गरजेच्या वेळी रुग्ण एका मोलाच्या औषधाला मुकतो. मात्र श्वास लागणे, घरघर, ओठ किंवा घसा सुजणे ही लक्षणे वेगळी. तिथे औषध बंद करून तातडीचे उपचार लागतात.

सुईच्या जागेकडेही नर्सचे सतत लक्ष असते. औषध शिरेबाहेर झिरपले तर आसपासची त्वचा आणि मांस खराब होऊ शकते. त्यामुळे हाताला आग होत असेल किंवा सूज दिसली तर रुग्णाने लगेच सांगावे, 'सलाईन संपेपर्यंत सहन करू' म्हणू नये. पाइपेरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखी औषधे याच्यासोबत एकाच नळीत मिसळत नाहीत, साका तयार होऊ शकतो. एकानंतर दुसरे द्यायचे असेल तर मध्ये नळी साध्या सलाईनने धुतात.

हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि त्यालाच इजाही करू शकते. म्हणून क्रिएटिनिन तपासतात, लघवी मोजतात. रक्तातले औषधाचे प्रमाण पाहण्यासाठी अनेकदा पुढच्या डोसच्या जरा आधी रक्त घेतात. डोस कधी सुरू झाला, कधी संपला आणि रक्त कधी घेतले, या वेळा चुकीच्या लिहिल्या गेल्या तर रिपोर्ट बरोबर असूनही पुढचा डोस चुकतो.