समासातला नांगर

इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात सर जेफ्री लटरेल नावाचा एक जहागीरदार होऊन गेला. इ. स. १३२० ते १३४० च्या सुमारास त्याने स्वतःसाठी स्तोत्रसंहितेची एक पोथी करवून घेतली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चर्मपत्राची पाने, त्यांवर लॅटिन स्तोत्रे, आद्याक्षरांना सोन्याचा वर्ख. एका पानावर स्वारी खुद्द घोड्यावर आरूढ झालेली. पत्नी शिरस्त्राण देते आहे, सून ढाल घेऊन उभी आहे. प्रार्थनेच्या पुस्तकात एवढा थाट!

परंतु नजर खिळते ती पानांच्या खालच्या समासावर. तेथे चार बैलांचा नांगर चालला आहे. पेरणारा मुठीने बी फेकतो आहे, तर त्याच्याच पोत्यातले दाणे एक कावळा खुशाल टिपतो आहे. दुसऱ्यामागे कुत्रा धावला आहे. कापणीला तीन स्त्रिया. दोघी विळे घेऊन वाकलेल्या, तिसरी पाठ सरळ करायला क्षणभर उभी राहिलेली.

या कुळांची वस्त्रे मात्र फारच नीटनेटकी दिसतात. चित्रे धन्यासाठी होती, हे विसरून चालणार नाही. तरी ती दुखरी पाठ चित्रकाराने कोठेतरी पाहिलीच असली पाहिजे.

सर जेफ्री १३४५ मध्ये वारला. १३४८ साली महामारी इंग्लंडात शिरली आणि निदान एकतृतीयांश प्रजा मृत्युमुखी पडली. राबणारे हात इतके दुर्मीळ झाले की, मजुरी वाढू नये म्हणून १३५१ मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला.