ढेपेची कुळकथा

दिवाळीचा आरंभ आपण वसुबारसेने करतो. लक्ष्मीपूजनाच्याही आधी गाय आणि तिचे वासरू यांना मान मिळतो. पण ज्या गाईला आपण वर्षातून एकदा ओवाळतो, तिच्या रोजच्या घमेल्यात काय पडते हे पाहणारे घरात किती जण असतात? त्या घमेल्यातील ढेपेची कुळकथा आज वाचकांना सांगावी असा माझा विचार आहे. पुण्यामुंबईकडे जिला पेंड म्हणतात, तिलाच आम्ही खानदेशी लोक ढेप म्हणतो.

पूर्वी गावोगाव तेल्याचा घाणा असे. आपल्याच शेतातील तीळ किंवा शेंगदाणे नेऊन द्यावेत, तेल घरी आणावे आणि मागे उरलेली ढेप जनावरांना घालावी, असा सरळ व्यवहार होता. ढेप ताजी असे, थोडी असे आणि ती कशाची आहे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे.

हे चित्र बदलले ते कापसामुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईचा लोहमार्ग जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचला; १९०० साली चाळीसगावहून धुळ्यालाही गाडी जाऊ लागली. मागोमाग सरकी काढणाऱ्या जिनांची धुराडी उभी राहिली. शंभर किलो कपाशीतून रुई निघते सुमारे एकतृतीयांश. बाकी बहुतेक सरकीच. या सरकीचे तेल काढून तिची ढेप विकणे हा पुढे मोठा धंदा झाला. भुईमुगाचेही तसेच झाले. १९४५ साली अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. आज संगणकाच्या धंद्यात गाजलेली विप्रो ती हीच! तेलाचा कारभार घाण्याकडून कारखान्याकडे गेला तशी ढेपही पोत्यात शिरली. कोणत्या शेतातली, किती दिवसांची, हे सांगणारा तेली मध्ये उरला नाही.

या पोत्यात धोके कोणते? पहिला सरकीच्या अंगचाच. तिच्यात गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते आणि ते विषारी आहे, हे १९१५ साली अमेरिकेतील विदर्स आणि कॅरुथ यांनी दाखवून दिले. मोठ्या गाईम्हशींच्या पोटात त्याचा जोर पुष्कळसा ओसरतो. लहान वासरांना, कोंबड्यांना आणि कुत्र्यांना मात्र ते बाधते. म्हणून गाईला मानवणारी सरकीची ढेप वासरालाही मानवेल असे समजू नये.

दुसरा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी पटापट मेले. कारण सापडेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ रोग असे नाव पडले. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या ढेपेशी धागा पोहोचला. तिच्यावर वाढलेल्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने एक विष तयार केले होते; त्याला ॲफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. बुरशी झटकली तरी हे विष मागे राहते आणि शिजवल्याने जात नाही. गाईने ते खाल्ले तर त्याचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो. दूध उकळूनही तो नाहीसा होत नाही. २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. गोठ्यातला धोका असा स्वयंपाकघरात येतो.

यावर कोणी म्हणेल, बाजारचे पोतेच नको. घरचे ते चांगले. मलाही हा विचार गोड वाटतो, पण इतिहास त्याला साक्ष देत नाही. १९७४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या शेजारच्या गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या आदिवासी भागांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. दोनशेहून अधिक गावांत ३९७ माणसे आजारी पडली आणि १०६ दगावली. अवकाळी पावसात भिजलेला, नीट न वाळवता साठवलेला मका ते खात होते. तो मका त्यांच्या घरचाच होता. त्या घरांतील कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता. धन्याच्या घरचा घास त्यांच्याही वाट्याला आला होता.

आता जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींतून कुत्र्यामांजरांसाठी तयार खाण्याच्या पिशव्या येऊ लागल्या आहेत. प्रकार नवा असला तरी प्रश्न ढेपेचाच आहे. २००७ साली अमेरिकेत अशा खाण्याचे सहा कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवावी लागली. त्यातील गव्हाच्या सत्त्वात मेलामाइन मिसळलेले होते. प्रथिने मोजताना नत्र मोजतात आणि मेलामाइनमध्ये नत्र भरपूर. म्हणून हलका माल कागदावर भारी दिसला. ढेपेत युरिया मिसळणाऱ्याचा हिशेबही हाच असतो. २०२० च्या अखेरीस तिकडेच ॲफ्लाटॉक्सिन असलेल्या खाण्याने शंभराहून अधिक कुत्री मेल्याच्या तक्रारी आल्या.

तेव्हा प्रश्न घरचे की बाजारचे हा नाही. माल कोरडा आहे का, ताजा आहे का आणि कोणी तपासला आहे का, हा आहे. ढेपेचा तुकडा फोडून आत पाहावा. कुबट वास किंवा हिरवट-काळी छटा असेल तर तो पैशांचा मोह सोडून फेकावा. मूठभर ढेप पाण्यात भिजवली की वाळूमाती तळाशी बसते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत आणि पावसाळ्यात साठा थोडाच करावा. तयार पशुखाद्य घेताना मानक संस्थेचे चिन्ह पाहावे. कुत्र्याच्या पिशवीवरची तारीख वाचावी आणि उघडलेली पिशवी महिनोन्‌महिने पुरवू नये. घरचे घालायचे तर कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट यांपासून त्याला जपावे; फराळाच्या दिवसांत तर विशेषच.

आणि एक जुनी सवय मात्र आपण सोडली पाहिजे. बुरसटलेले धान्य आणि विटलेली भाकरी ‘माणसाला नको तर जनावराला घाला’ असे आपण सहज म्हणतो. त्यात काटकसर दिसते खरी; पण गाईच्या घमेल्यात टाकलेले दुधाच्या पेल्यातून आपल्याच लेकरांपुढे येते. वसुबारसेला गाईला ओवाळणाऱ्या हातांनी वर्षभर तिचे पोतेही उघडून पाहावे, एवढेच मागणे आहे.