घड्याळ, रुमाल आणि समाजवाद

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये २२ एप्रिल १८९७ रोजी ‘फोरव्हर्ट्स’ हे यिडिश या युरोपीय ज्यूंच्या भाषेतले समाजवादी दैनिक सुरू झाले. संपादक अब्राहम काहान यांचे सहकाऱ्यांशी पटले नाही आणि काही महिन्यांतच ते बाहेर पडले. पुढची काही वर्षे त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रात बातमीदारी केली, पोलीस कचेऱ्या आणि चाळी पायाखाली घातल्या आणि १९०३ मध्ये ते कायमचे परतले. सिद्धान्त बाजूला सारून त्यांनी पत्र उथळ केले, हा आरोप तेव्हापासूनचा. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या खिशात स्वच्छ रुमाल असावा, असे त्यांनी लिहिले तेव्हा याचा समाजवादाशी काय संबंध, असा प्रश्न घरच्याच माणसांनी केला. मला तो संबंध अगदी सरळ दिसतो. ज्या कामगाराला संघटित करायचे, त्याचे घर आणि त्याची लाज ठाऊक नसेल, तर त्याच्यासाठी लिहिलेला अग्रलेख त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

याचा पुरावा जानेवारी १९०६ मध्ये सुरू झालेल्या ‘बिंतेल ब्रीफ’ या पत्रसदरात आहे. अगदी सुरुवातीच्या पत्रांपैकी एक होते एका गरीब बाईचे. तिच्या घरातले घड्याळ नाहीसे झाले होते आणि तिचा संशय तितक्याच गरीब शेजारणीवर होता. पोलिसांत जायचे तिच्या मनातही नव्हते. घड्याळ गहाण टाकले असेल तर त्याची पावती टपालाने पाठवून दे, आपली मैत्री तशीच राहील, एवढेच तिने वर्तमानपत्रातून कळवले. चोरी, भूक आणि शेजारधर्म यांचा असा गुंता कुठल्या जाहीरनाम्यात सापडणार? याच सदरात मुकादमाच्या छळाने गांजलेल्या मुलींनी लिहिले, नवऱ्याने टाकलेल्या बायकांनी लिहिले. परागंदा नवऱ्यांची छायाचित्रेही हे दैनिक छापत असे. शिवणकामगार मुलींचा १९०९चा प्रचंड संप आणि २५ मार्च १९११ रोजी ट्रायँगल कारखान्याच्या आगीत गेलेले १४६ जीव, दोन्ही वेळी हे पत्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो विश्वास रोजच्या पत्रांतूनच कमावलेला होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काहान यांनी यिडिशमध्ये इंग्रजी शब्द सैल हाताने येऊ दिले, वाचकांना बेसबॉलपासून मतदानापर्यंत अमेरिका शिकवली आणि आपल्याच भाषेची मुळे सैल केली, असे तिचे अभिमानी म्हणत. पण १९२०च्या दशकात अडीच लाखांच्या वर खप असलेल्या या दैनिकाला ओहोटी लावली ती आधी १९२४च्या कडक स्थलांतर-निर्बंधांनी, आणि मग युरोपातल्या ज्यूंच्या संहाराने. साहित्याला तर या दैनिकाने घर दिले: आयझॅक बाशेविस सिंगर यांची मोस्कात घराण्याची कादंबरी १९४५ ते १९४८ या काळात इथेच क्रमशः आली. पुढे १९७८ मध्ये नोबेल मिळाले तेव्हाही सिंगर इथेच लिहीत होते. काहान यांचा खरा दोष मला वेगळाच वाटतो. याच पत्राचे लेखक शोलेम आश यांनी येशूवर कादंबरी लिहिली, ती काहान यांनी नाकारली आणि वर आश यांच्यावर कडवट मोहीम चालवली. अनोळखी बाईचे घड्याळ पहिल्या रांगेत मांडणाऱ्या संपादकाला आपल्याच लेखकाचे मतभेद सोसवले नाहीत, ही या पत्राच्या इतिहासातली सर्वांत दुखरी बाब आहे.